पुण्यात पहिली नोकरी: शोधताना, करताना आणि सोडताना डोकं शांत ठेवण्याची तयारी

लातूर, जळगाव, सोलापूर, यवतमाळ अशा कुठल्याही जिल्ह्यातून पदवी किंवा डिप्लोमा घेऊन पुण्यात नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. कंपनी हिंजवडी-खराडीतली असो की चाकण-भोसरीतली, पहिल्या वर्षात साधारण तेच प्रसंग सगळ्यांच्या वाट्याला येतात. गर्दीच्या बसमध्ये उभं असताना एचआरचा फोन येतो. कन्सल्टन्सीवाला म्हणतो, आज पाच हजार भरा, सोमवारी जॉइनिंग. ऑफर येते आणि संध्याकाळपर्यंत कळवा असं सांगतात. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी बसतात. एखाद्या दुपारी केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहायला सांगतात.

अशा वेळी शांत राहणारी बरीच मुलंमुली मी पाहिली आहेत. त्यातली काही एरवी चांगलीच तापट आहेत. त्यांच्यात सारखेपणा एवढाच, की पुढं काय होणार याचा त्यांना अंदाज होता, कागद जागेवर होते, गाठीला पुढच्या महिन्याचं भाडं होतं आणि आधी झालेलं बोलणं लिहून ठेवलेलं होतं. ही तयारी कुणालाही करता येते. ती कशी करायची ते क्रमानं सांगतो.

पायरी १: निघण्याआधी कागद, पैसे आणि घरच्यांशी बोलणं

दहावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून चारही ठिकाणचं आपलं नाव एकाखाली एक लिहून काढा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. क्रमातला फरक समजावून सांगता येतो. स्पेलिंगमधला फरक मात्र नडतो: एकीकडे डबल ई, दुसरीकडे आय, कुठं वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) खातं आधारशी जोडताना आणि जॉइनिंगच्या वेळच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे कंपनी आपली माहिती खरी आहे का ते तपासते तेव्हा, हे अडतं, तेही नेमकं आपण नवीन असताना आणि एचआरचे मेल रोज येत असताना. दुरुस्तीला वेळ लागतो. ती गावी असतानाच उरकून घ्या.

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी नसेल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आधार, पॅन, फोटो यांचे स्वच्छ स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात कागदाचं आणि तुमचं नाव असू द्या. डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते तिथंही ठेवा. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात ठेवायची नाही. दाखवायची, समोर पडताळू द्यायची, परत घ्यायची. 'जॉइनिंगपर्यंत आमच्याकडे राहू द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

पैशाचं बोलू. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहा नाहीतर हिंजवडीजवळ चौघांत फ्लॅट घ्या, डिपॉझिट, भाडं, मेस आणि प्रवास धरून महिन्याचा आकडा काढा. शोध जितके महिने चालेल असं वाटतं, त्याच्यापेक्षा दोन महिन्यांचे जास्त पैसे हाताशी असावेत. नसतील तर येताक्षणी अर्धवेळ काम धरा: शिकवण्या, डेटा एंट्री, दुकानात हिशेब, काहीही. मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा, त्यात कमीपणा अजिबात नाही. पैसे संपत आले की माणूस वाटेल त्या कागदावर सही करतो, आणि पुढची वर्षभराची कटकट त्या एका सहीतून सुरू होते.

घरच्यांशीही आधीच ठरवून घ्या. आईबाबा रोज रात्री फोन करून 'काय झालं रे?' विचारतात, त्यामागे काळजीच असते, पण नकार आलेल्या दिवशी तो प्रश्न फार जड जातो. 'नोकरीचं जे काही असेल ते मी रविवारी सगळं सांगेन, बाकीच्या दिवशी आपण दुसरं बोलू' असं प्रेमानं सांगितलं तर बहुतेक घरांत ते मानलं जातं. काका-मामांना मात्र ऑफर लेटर हातात येईपर्यंत काहीच सांगू नका.

पायरी २: एक वही आणि फोनवरचं बोलणं

अर्ज सुरू केल्या दिवसापासून एक वही घाला, किंवा शीट चालत असेल तर शीट. तारीख, कंपनी, पद, कुणामार्फत, पगाराचं काय बोलणं झालं, पुढची तारीख. एवढेच रकाने. महिनाभरात पन्नास-साठ ठिकाणी अर्ज गेले की कुठून फोन आला तेच आठवत नाही आणि मग 'कोणती कंपनी?' असं आपणच विचारून बसतो. समोरच्याला ते खटकतं. वही असली की 'हो, मागच्या मंगळवारी अर्ज केला होता' असं उत्तर येतं आणि आवाजच बदलतो.

एचआरचा फोन गैरसोयीच्या वेळीच येणार. स्वारगेटच्या गोंगाटात कानावर हात ठेवून मुलाखत देऊ नका. इंग्रजीत एकच वाक्य पाठ ठेवा: 'आय ॲम ट्रॅव्हलिंग राइट नाऊ, कॅन आय कॉल यू बॅक इन ट्वेंटी मिनिट्स?' नंबर आणि नाव विचारून घ्या आणि खरोखर वीस मिनिटांत करा. भाषेचं दडपण घेऊ नका. सुरुवात साध्या इंग्रजीत करा. समोरचा हिंदी किंवा मराठीत आला तर तुम्हीही या.

मुलाखत झाल्यावर त्याच संध्याकाळी तीन-चार ओळींचा आभाराचा मेल करा. उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एक विचारणा, त्यानंतर आणखी आठवड्यानं शेवटची. मग वहीत रेघ मारा आणि पुढं चला. एचआरला व्हॉट्सॲपवर रोज 'एनी अपडेट?' पाठवल्यानं काम होत नाही, उलट पुढच्या जागेच्या वेळी आपलं नाव टाळलं जातं. उत्तरच न देणं ही कंपन्यांची वाईट सवय आहे आणि ती मनाला लागते, हे मला मान्य आहे. पण कित्येकदा ती जागाच गोठवलेली असते किंवा आतल्या माणसाला दिलेली असते, आणि हे तुम्हाला कुणी कळवत नाही. त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

पायरी ३: पैसे मागणारे आणि खोटा अनुभव विकणारे

इथं जरा थांबतो, कारण नवख्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं.

नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गेटपास, युनिफॉर्म, ट्रेनिंग किट, मेडिकल, नाव काहीही असो. कन्सल्टन्सीला तिची फी कंपनीकडून मिळते. मुलाखत फक्त व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर, मेल कंपनीच्या डोमेनऐवजी साध्या जीमेलवरून, मुलाखतीआधीच ऑफर लेटर आणि 'आजच्या आज भरा' अशी घाई, यातलं काहीही दिसलं तर सावध व्हा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा आहे का ते बघा, आणि तिथल्याच नंबरवर फोन करून विचारा.

अशांशी हुज्जत घालू नका. 'मी पैसे भरून नोकरी घेत नाही, धन्यवाद' एवढं म्हणून फोन ठेवा. शिव्या दिल्या तरी तो माणूस पुढचा नंबर फिरवतोच, तुमचा दिवस तेवढा खराब होतो. पैसे गेलेच असतील तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक, चॅट, कॉलची नोंद, काहीही डिलीट करू नका.

दुसरा धोका जास्त गोड बोलणारा आहे. 'फ्रेशरला कोण विचारतंय? तीन वर्षांचा अनुभव लावून देतो, सॅलरी स्लिप, एक्सपिरियन्स लेटर, सगळं आमच्याकडून.' काही क्लासवाले हे कोर्सच्या फीमध्येच जोडून देतात. रूममेटनं तसं केलं आणि त्याला चांगलं पॅकेज मिळालं, हे डोळ्यांसमोर दिसत असतं, म्हणून मोह होतो. तरी करू नका. पीएफ खात्याचा बारा अंकी यूएएन क्रमांक माणसाबरोबर आयुष्यभर राहतो. कोणत्या कंपनीनं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले ते त्यात दिसतं. व्हेरिफिकेशन करणारे तोच इतिहास मागतात. आज निभावलं तरी पुढच्या कंपनीत, त्याच्या पुढच्या कंपनीत तीच भीती. ज्याच्या बायोडाटात एक खोटी ओळ आहे तो कुठल्याच मुलाखतीत शांत बसू शकत नाही. त्याचं अर्धं लक्ष ती ओळ सांभाळण्यात जातं. त्यापेक्षा सहा महिन्यांची इंटर्नशिप, ॲप्रेंटिसशिप, कमी पगाराची छोटी कंपनी, काहीही खरं असलेलं बरं.

चाकण-रांजणगाव भागात जाणाऱ्यांनी आणखी एक विचारायचं: नेमणूक कंपनीच्या रोलवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांत, आहे की कंत्राटदाराच्या? दोन्ही प्रकारचं काम लोक करतात आणि दोन्हींत शिकायला मिळतं, पण नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं, पीएफ कोण भरणार आणि किती महिन्यांचा करार आहे, हे आधी माहीत हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलेलं आहे. 'लेटर नंतर देतो' या उत्तरावर कामाला लागू नका.

पायरी ४: मुलाखत

हिंजवडी फेज थ्रीला दहाची मुलाखत असेल तर नऊलाच गेटवर पोचा. वाकडच्या पुढं रस्ता कधी तुंबेल याचा नेम नसतो, आणि गेटवर ओळखपत्र दाखवणं, लॅपटॉपची नोंद करणं, व्हिजिटर पास घेणं यात वेळ जातो. आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून आलात तर उत्तमच. धावत-घामेघूम पोचलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं काहीच सुचत नाही.

ऑनलाइन असेल तर जागेची सोय आधी लावा. कॉट बेसिसच्या खोलीत चौघे असतात, अभ्यासिकेत बोलता येत नाही. मित्राच्या खोलीत दोन तास मागून घ्या, दाराला चिठ्ठी लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट पर्याय म्हणून तयार ठेवा. मध्येच आवाज तुटला तर घाबरून माफीवर माफी मागू नका: 'माझा आवाज तुटला होता, प्रश्न पुन्हा सांगाल का?' एवढं पुरतं.

स्वतःची ओळख सांगताना बरीच मुलं 'माझे वडील शेतकरी, आई गृहिणी, एक भाऊ' इथून सुरुवात करतात. वडील शेतकरी असण्याचा अभिमान असावा, पण समोरच्याला त्या क्षणी तुमचं काम ऐकायचं असतं. काय शिकलात, प्रोजेक्टमध्ये तुमचा स्वतःचा भाग कोणता, तो करताना काय अडलं, ते कसं सोडवलं. दीड-दोन मिनिटांत हे सांगता येईल असं लिहा आणि मोठ्यानं बोलून सराव करा. आरशासमोर नको, मित्रासमोर करा, म्हणजे तो मध्येच प्रश्न विचारेल.

उत्तर येत नसेल तर 'हे मी वापरलेलं नाही, पण माझ्या अंदाजानं असं असावं' असं म्हणा आणि विचार मोठ्यानं मांडा. अंदाजही नसेल तर 'माहीत नाही' म्हणून थांबा. दोन-तीन प्रश्न हुकल्यावर 'गेली ही' असं मनात ठरवून खांदे पाडून बसणारी मुलं मी मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिली आहेत. त्यातल्या काहींची निवड आम्ही तोवर जवळजवळ केलेली असते. समोरचा तोडून बोलत असेल, फोनमध्ये बघत असेल, कॉलेजच्या नावावरून काही लागेल असं म्हणत असेल, तरी तुमचं उत्तर नेहमीच्या वेगात पूर्ण करा. अपमान होईल असं थेट काही बोलला तर 'मला वाटतं आपण इथं थांबू या, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद' म्हणून उठता येतं. मुलाखत देणाऱ्यालाही उठायचा अधिकार आहे.

नकाराचा मेल आला तर दोन ओळींचं उत्तर द्या: कळवल्याबद्दल आभार, पुढं योग्य जागा निघाली तर जरूर विचार करा. तो मेल त्याच दिवशी लिहायला जड वाटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा.

पायरी ५: ऑफर आल्यावर आनंद करा, सही उद्या

साडेतीन-चार लाखांचं पॅकेज ऐकून त्याला बाराने भागू नका. वर्षाचं सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ३,६०,००० असेल, म्हणजे महिन्याला ३०,०००, तर त्यात काय काय येतं ते बघा. मूळ पगार १५,००० धरू. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,८००, त्या तीस हजारांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना नियमानुसार मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे) साधारण ७२० आणि विम्याचे दोन-तीनशेही त्यातच. राहिले सुमारे २७,२००. त्यातून तुमचा पीएफचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हा कर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० असतो, फेब्रुवारीत ३०० कापतात, आणि महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. हातात येतात साधारण २५,२००. सीटीसीतला दहा टक्के भाग व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर नंतर मिळणारा, असेल तर दरमहा बावीस हजारांच्या आसपास. हा हिशेब आधी केलेला असला की पहिल्या पगाराच्या दिवशी मोबाइलवरचा आकडा बघून फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

एचआरला विचारायला संकोच करू नका: हातात किती येईल, व्हेरिएबल कधी आणि कशावर, शिफ्ट, प्रोबेशन किती, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करायचे दिवस) किती, बाँड (ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) आहे का. एकाच मेलमध्ये, क्रमांक घालून विचारा. 'उद्या दुपारी बारापर्यंत कळवतो' असं म्हणून वेळही मागा. एका दिवसासाठी ऑफर मागे घेणारी कंपनी क्वचितच असते.

बाँडबद्दल दोन टोकांचे सल्ले ऐकायला मिळतात. एक म्हणतो, कोर्टात काही टिकत नाही, बिनधास्त सही कर. दुसरा म्हणतो, सोडलं तर जेल. दोन्ही चुकीचे. नोकरी सोडली म्हणून तुरुंगात कुणी टाकत नाही, हा पैशाचा दिवाणी मामला आहे. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. म्हणून रक्कम किती, मुदत किती, खरोखर काही प्रशिक्षण मिळणार आहे का, हे वाचून ठरवा. कोरा चेक किंवा मूळ मार्कशीट बाँडपोटी मागत असतील तर नकार द्या.

एका ठिकाणी होकार दिल्यावर दुसरीकडून जास्त चांगली ऑफर आली तर? पहिल्यांना लगेच, लेखी, माफीसह कळवा. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसणं सगळ्यात वाईट. पुण्यातल्या एचआर मंडळींचं वर्तुळ दिसतं त्यापेक्षा छोटं आहे, आणि तुमच्या न येण्यानं कुणाचीतरी जागा रिकामी राहते.

पायरी ६: नोकरीतले पहिले काही महिने

सांगितलेलं काम लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा: 'म्हणजे गुरुवारपर्यंत हा रिपोर्ट, फक्त पुणे विभागाचा, बरोबर?' हे फार साधं आहे, तरी निम्मे वाद यानं मिटतात. तोंडी बदल झाला तर 'आत्ता बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेल टाका. कुणी विचारलं 'झालं का?' तर 'होतंय' म्हणू नका. किती झालं, काय अडलंय, कधी देणार, हे सांगा. उशीर होणार असेल तर मुदतीच्या दिवशी संध्याकाळी सांगण्याऐवजी कळलं त्याच तासाला सांगा. उशिरापेक्षा लपवाछपवीनं वरिष्ठ जास्त चिडतात.

सगळ्यांसमोर बोलणी बसली तर तिथल्या तिथं सफाई देण्याचा मोह होतो. काय चुकलं ते लिहून घ्या, 'बघून एका तासात सांगतो' म्हणा आणि बसा. नंतर एकट्यात भेटा: 'सर, सकाळचा मुद्दा मला पटला, त्यातला दुसरा भाग मात्र माझ्याकडे नव्हता, हा मेल बघा. आणि चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगितलंत तर बरं होईल.' हे म्हणायला धैर्य लागतं, पण आवाज खाली ठेवून म्हटलं तर बहुतेक वरिष्ठ ऐकतात. रडू आलं तर वॉशरूमला जाऊन या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रागाच्या भरात मेल लिहायचाच असेल तर 'टू'चा रकाना रिकामा ठेवून लिहा आणि सकाळी वाचा. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री काहीही वादाचं लिहू नका, टपरीवर साहेबाची नक्कलही करू नका. टपरीवर तिसऱ्या माणसाचा कान असतोच. आपली मराठी मंडळी जमली की आपोआप मराठीत सुरू होतो, ते छानच, पण टीममधला तमिळ किंवा बंगाली सहकारी टेबलावर असताना कामाचं बोलणं त्याला कळेल अशा भाषेत करा. त्याला वगळलं गेल्यासारखं वाटतं आणि ते तो बोलून दाखवत नाही.

सुट्टीचं आधी सांगा. गणपती आणि दिवाळीला गावी जायचं असतंच, तारखा वर्षभर आधी माहीत असतात. दीड-दोन महिने आधी अर्ज टाका, आपलं काम कोण बघेल तेही त्यात लिहा. ऐन वेळी 'आजी आजारी आहे' म्हणण्याची गरजच पडत नाही.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. शांत राहणं म्हणजे सोसत राहणं असा अर्थ काढू नका. अंगचटीला येणं, घाणेरडे मेसेज, जातीवरून टोमणे, पगार दोन-दोन महिने न देणं, हे समजुतीनं घ्यायचे विषय नव्हेत. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. तारीख, वेळ, ठिकाण, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. पगार थकला तर आधी एचआरला लेखी, मग कामगार आयुक्त कार्यालयात. एकटं जायला भीती वाटत असेल तर सोबत कुणाला तरी न्या.

पायरी ७: सोडताना किंवा सोडायला लावलं तर

राजीनाम्याचा मेल चार ओळींचा: पद सोडत आहे, तारीख, नोटीस पिरियडनुसार शेवटचा दिवस, काम सोपवायला तयार आहे. तक्रारींची यादी त्यात नको. मेलआधी साहेबांना तोंडी सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर माणसं दुखावतात. नव्या कंपनीला घाई असेल तर नोटीस बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं, होतो का विचारा, पण मध्येच यायचं बंद करू नका. रिलीव्हिंग लेटर (रीतसर कार्यमुक्त केल्याचं पत्र) अडलं की पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावं लागतं. पगार वाढवून थांबवायला बघतील. जायचं कारण पैसा नव्हताच, तर वाढीव पैशानं ते कारण जात नाही, हे लक्षात ठेवून उत्तर द्या.

उलट बाजूचा प्रसंग कठीण असतो. अचानक बोलावतात, समोर कागद ठेवतात: 'राजीनामा दिलात तर लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन लिहू.' तिथं सही करू नका. 'मला हे वाचायला आणि घरी बोलायला वेळ हवा, कृपया मेलवर पाठवा' एवढंच म्हणा, कितीही वेळा म्हणावं लागलं तरी. ओरडू नका, काही कबूल करू नका, मोबाइल काढून घेऊ देऊ नका. बाहेर आल्यावर झालेलं सगळं वेळेसकट लिहून काढा आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. किती महिन्यांचा पगार देणार, विमा कधीपर्यंत, लेटरवर कारण काय लिहिणार, हे सगळं सहीच्या आधी बोलून घेता येतं. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर नव्या वेतन संहितेनुसार राहिलेला पगार राजीनाम्यानंतर किंवा काढल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या संपूर्ण हिशेबाला, महिना-दीड महिना लावायची जुनी पद्धत आहे. तारीख विचारून घ्या आणि मेलवर आठवण देत राहा. पीएफ काढून घेऊ नका, नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्स्फर करा. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. जुन्या कंपनीनं तुमच्या यूएएनमध्ये बाहेर पडल्याची तारीख भरली आहे का, ते दोन महिन्यांनी पोर्टलवर तपासा. ती राहिली तर ट्रान्स्फर अडतो.

शेवटच्या दिवशी ऑफिसचं लॉगिन संध्याकाळी बंद होतं. त्याआधी सगळ्या सॅलरी स्लिप, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला) स्वतःच्या मेलवर घ्या. चालू वर्षाचा फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये, १५ तारखेपर्यंत देतात, म्हणून एचआरकडे स्वतःचा खासगी मेल नोंदवून या. कंपनीच्या कामाच्या फाइल, कोड, ग्राहकांच्या याद्या यातलं काहीही सोबत नेऊ नका. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र परत केल्याची पोच सही-शिक्क्यासह घ्या, तिचा फोटो काढा आणि पहिल्या पायरीतल्या त्याच फोल्डरमध्ये टाका.